रुग्णशय्येवरचे संभाषण: धायरीच्या साथीच्या अनुषंगाने एक प्रस्तावना

डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातील संवाद हा विषय मराठीत बहुधा सौजन्याच्या सदरात टाकला जातो; डॉक्टरांनी चार शब्द गोड बोलावेत, रुग्णाला धीर द्यावा, नातेवाइकांवर खेकसू नये, एवढ्यावर त्याची बोळवण होते आणि मग तो व्याख्यानमालांपुरता उरतो. या पुस्तकात संवादाकडे तपासणी, औषधयोजना आणि शस्त्रक्रिया यांच्याच पंक्तीतील एक वैद्यकीय कृती म्हणून पाहिले आहे: तिला स्वतःचे तंत्र आहे, ती चुकू शकते, चुकली तर तिचा परिणाम रुग्णाच्या शरीरावर होतो, आणि ती शिकता व शिकवता येते. ही भूमिका नुसत्या तत्त्वचर्चेने पटण्यासारखी नाही, म्हणून तिच्या कसोटीसाठी एक गाव, एक आजार आणि एक हिवाळा निवडला आहे.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात, विशेषतः किरकटवाडी, नांदोशी, नांदेड आणि धायरी या पट्ट्यात, गुलेन-बॅरे सिंड्रोम म्हणजेच जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण अचानक वाढले, आणि पुढील काही आठवड्यांत पुणे परिसरातील संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. या आजारात शरीराची रोगप्रतिकारक शक्ती एखाद्या संसर्गाशी लढता लढता स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते; पायांना मुंग्या येतात, मग पाय गळतात, अशक्तपणा वर सरकत हातांपर्यंत, चेहऱ्यापर्यंत आणि काही रुग्णांत श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोचतो. गिया, बारे आणि स्त्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी १९१६ मध्ये दोन सैनिकांवरून त्याचे वर्णन केले, आणि त्यांपैकी पहिल्या दोघांची नावे इंग्रजी उच्चारातून फिरत फिरत धायरीत येईपर्यंत ओळखू येईनाशी झाली. पुण्यातील काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा, दूषित पाण्यातून व कच्च्या राहिलेल्या मांसातून पोटात जाणारा जीवाणू आढळला, आणि संशयाची सुई प्रामुख्याने पिण्याच्या पाण्याकडे वळली.

धायरी हे या संदर्भात केवळ नकाशावरील ठिकाण राहत नाही. २०१७ मध्ये इतर गावांबरोबर ते पुणे महानगरपालिकेत आले, परंतु नळ, सांडपाण्याची वाहिनी आणि दवाखाना ही महापालिकेची तिन्ही लक्षणे वस्तीच्या वेगाने आली नाहीत. धारेश्वराच्या देवळाभोवतीचे जुने गाव, मोठमोठ्या सोसायट्या, छोटे कारखाने आणि मराठवाड्यापासून बिहारपर्यंतच्या भाडेकरूंच्या खोल्या एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या, आणि पाणी कुठे नळाचे, कुठे विहिरीचे, कुठे टँकरचे, तर कुठे खासगी शुद्धीकरण केंद्रातून जारने आणलेले असे राहिले. वैद्यकीय सेवेचीही हीच चळत आहे: धायरी फाट्यापासून आतपर्यंत रांगेने असलेले सर्वसाधारण डॉक्टरांचे दवाखाने, मधली नर्सिंग होम, शेजारच्या नऱ्हे येथील श्रीमती काशीबाई नवले वैद्यकीय महाविद्यालय, आणि शहरातील मोठी रुग्णालये. एकच रुग्ण दोन-तीन दिवसांत या सगळ्या पायऱ्या चढू शकत असल्यामुळे, प्रत्येक पायरीवर त्याची हकिकत नव्याने सांगितली आणि नव्याने ऐकली जाते, आणि दर वेळी तिचा काही भाग सांडतो.

हकिकत ऐकण्याच्या कौशल्याला वैद्यकशास्त्रात इतिहासग्रहण म्हणतात, आणि जीबीएसमध्ये त्याची परीक्षा कशी होते हे पाहण्याजोगे आहे. या आजाराचे प्रमाण एरवी लाख लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे एक ते दोन इतके कमी आहे, त्यामुळे गल्लीतल्या डॉक्टरांनी साऱ्या कारकिर्दीत तो मोजकाच पाहिलेला असतो. उलट ‘पाय गळाले’, ‘हातापायांत मुंग्या येतात’, ‘अंगात त्राण नाही’ या तक्रारी ते दिवसातून अनेकदा ऐकतात आणि सवयीने जीवनसत्त्वाचे इंजेक्शन देऊन रुग्णाला घरी पाठवतात. निदानाचा धागा ज्या माहितीत असतो ती माहिती रुग्ण आपण होऊन देत नाही, कारण आठ-दहा दिवसांपूर्वी लागलेले जुलाब आता थांबलेले असतात, ते त्याने ‘अंगावर काढलेले’ असतात, आणि थांबलेल्या जुलाबांचा गळालेल्या पायांशी संबंध असेल हे त्याच्या स्वप्नातही नसते. घरातील वडीलधारी माणसे ‘वारं गेलं’ असे सांगतात; ग्रामीण मराठीत हा शब्दप्रयोग पक्षाघातासाठी रूढ आहे, आणि तो ऐकून अननुभवी डॉक्टर मेंदूकडे वळतो, जेव्हा विचारायचे असते ते हे, की अशक्तपणा एका बाजूला आहे की दोन्ही पायांत सारखा, तो कालच्यापेक्षा आज वर चढला आहे का, आणि जिना चढताना किंवा जमिनीवरून उठताना आधार लागतो का. आधी रुग्णाला त्याच्या शब्दांत बोलू द्यायचे आणि मग नेमके, बंदिस्त प्रश्न विचारायचे, हा क्रम मोडला की निदान लांबते. आणि तो मोडतोच, असे अभ्यास सांगतात. हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल यांनी १९८४ मध्ये अमेरिकेत केलेल्या निरीक्षणात, रुग्णाने तक्रार सांगायला सुरुवात केल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला मध्येच अडवत असल्याचे दिसले होते.

याच आजारात रुग्णाचा आवाज हेच मोजमापाचे साधन बनते, हा योगायोग या विषयाच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये. श्वासाचे स्नायू दुबळे होत आहेत का हे यंत्राविना पाहण्याची एक जुनी रीत अशी, की रुग्णाला खोल श्वास घ्यायला लावून एकाच श्वासात एक, दोन, तीन असे मोठ्याने मोजायला सांगायचे. काल जो आकडा गाठला तो आज गाठता आला नाही, तर अतिदक्षता विभाग जवळ आला असे समजायचे. ही चाचणी करायला लागणारे सामान म्हणजे एवढेच, की रुग्णाला कळेल अशा भाषेत ती समजावता यावी आणि मोजणे संपेपर्यंत थांबण्याइतका धीर डॉक्टरांपाशी असावा. चरकसंहितेने चिकित्सेचे चार पाद सांगितले, ते वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण असे होत, आणि रुग्णाच्या अंगी असाव्यात अशा चार गुणांत ज्ञापकत्वाचा, म्हणजे आपला आजार नीट सांगता येण्याच्या क्षमतेचा समावेश केला. प्राचीन ग्रंथाने हा गुण रुग्णाच्या खाती मांडला. आधुनिक संवादशास्त्र त्याचा बराचसा भार ऐकणाऱ्यावर टाकते, आणि या एका बाबतीत आधुनिकांचे म्हणणे अधिक न्याय्य वाटते, कारण तापलेल्या, घाबरलेल्या माणसाकडून वक्तृत्वाची अपेक्षा करणे सोयीचे असले तरी वाजवी नाही.

निदान झाल्यावर सांगण्याचा टप्पा येतो, आणि धायरीतील अनुभवाचा सर्वांत बोधक भाग येथे आहे. जीबीएसवरील दोन प्रस्थापित उपचारांपैकी एक म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, अर्थात निरोगी दात्यांच्या रक्तद्रवातून वेगळी केलेली प्रतिपिंडे शिरेवाटे देणे. दुसरा प्लाझ्माची अदलाबदल, ज्यात रुग्णाचा रक्तद्रव काढून त्यातील घातक प्रतिपिंडे दूर केली जातात. इम्युनोग्लोब्युलिनची मात्रा वजनावर ठरते: दर किलोमागे दिवसाला ०.४ ग्रॅम, असे पाच दिवस. म्हणजे ६० किलोच्या माणसाला एकूण १२० ग्रॅम, आणि हे औषध महाग असल्याने खर्च लाखांच्या घरात जातो. आता अडचण अशी, की हा आजार सुरू झाल्यापासून दोन ते चार आठवडे वाढतच जाऊ शकतो, उपचार त्याचा जोर कमी करतो पण त्याला जागच्या जागी थांबवत नाही. परिणामी दागिने गहाण ठेवून आणलेले औषध सुरू झाल्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, काल हात हलवणारा रुग्ण आज व्हेंटिलेटरवर जातो. हे होऊ शकते असे जर औषध सुरू करण्याआधी सांगितले असेल, तर कुटुंब ती घडामोड भाकिताचा भाग म्हणून सोसते. सांगितले नसेल तर तीच घडामोड चुकीच्या उपचाराचा पुरावा ठरते, आणि नंतर दिलेले अचूक स्पष्टीकरणही सारवासारव वाटते. वैद्यकीय वस्तुस्थिती दोन्ही कुटुंबांत सारखीच असते. फरक पडतो तो एका दहा मिनिटांच्या बोलण्याच्या वेळेने.

अनिश्चितता सांगणे हे म्हणूनच स्वतंत्र कौशल्य मानावे लागते. सुमारे एक चतुर्थांश रुग्णांना कृत्रिम श्वासाची गरज पडते, बहुसंख्य रुग्ण सहा महिन्यांत आधाराशिवाय चालू लागतात, थोडे दगावतात आणि काहींना कायमची उणीव राहते, असे हे चित्र आहे; त्यातून ‘बरे होतील, काळजी करू नका’ एवढेच उचलणारा डॉक्टर आणि ‘काही सांगता येत नाही’ एवढेच म्हणणारा डॉक्टर, दोघेही वेगवेगळ्या प्रकारे माहिती दडवतात. ‘चोवीस तास महत्त्वाचे आहेत’ हे महाराष्ट्रातील अतिदक्षता विभागांचे पेटंट वाक्य तर रोज नव्याने म्हणता येत असल्यामुळे त्याचा अर्थ केव्हाच झिजून गेला आहे. वाईट बातमी सांगण्यासाठी २००० मध्ये कर्करोगतज्ज्ञांनी मांडलेली स्पाइक्स नावाची सहा पायऱ्यांची पद्धत आता जगभर शिकवली जाते. तिच्यात बातमी सांगण्यापूर्वी रुग्णाला काय ठाऊक आहे आणि त्याला किती जाणून घ्यायचे आहे हे विचारण्याच्या दोन पायऱ्या आहेत, आणि आपल्याकडे घाईत नेमक्या याच दोन गाळल्या जातात. याला जोडून येणारे तंत्र म्हणजे उलट सांगून घेणे: सांगितलेले कळले का असे विचारले तर मराठी माणूस संकोचाने मान डोलावतो, म्हणून ‘घरी गेल्यावर भावाला हे कसं सांगाल?’ असे विचारायचे आणि त्या उत्तरात आपल्या सांगण्यातील त्रुटी शोधायच्या.

व्हेंटिलेटरवरील जीबीएसचा रुग्ण हा संवादाच्या शास्त्रापुढचा कदाचित सर्वांत कठीण प्रश्न आहे. घशातून नळी गेल्याने, किंवा पुढे मानेला छिद्र करून ती बसवल्याने, त्याचा आवाज जातो. हातापायांत शक्ती नसल्याने तो लिहू शकत नाही आणि खूणही करू शकत नाही. परंतु आजार मेंदूला शिवत नसल्यामुळे, गुंगीचे औषध नसेल तेव्हा, तो पूर्ण शुद्धीत असतो, त्याला ऐकू येते, दुखते आणि समजते. बाहेरून तो बेशुद्ध रुग्णासारखा दिसत असल्याने खाटेच्या दोन बाजूंना उभे राहून त्याच्याविषयी बोलणे सहज घडते, आणि ते सारे त्याच्या कानी पडते. पापण्यांची उघडझाप शाबूत असेल तर एकदा म्हणजे होय, दोनदा म्हणजे नाही, असा संकेत ठरवता येतो. पाश्चात्त्य पुस्तकांत यापुढची पायरी म्हणून अक्षरफलक सुचवला जातो, पण सव्वीस अक्षरांसाठी रचलेली ती युक्ती स्वर, व्यंजने, काना-मात्रा आणि जोडाक्षरे असलेल्या देवनागरीत जशीच्या तशी चालत नाही. येथे ‘कूस बदला’, ‘कफ काढा’, ‘दुखतंय’, ‘उकडतंय’, ‘भीती वाटते’, ‘घरच्यांना बोलवा’ अशा तयार वाक्यांचे तक्ते अधिक कामाचे ठरतात, आणि असे तक्ते करणे हे कोणत्याही रुग्णालयाला सहज परवडणारे काम आहे.

येथून संमतीचा प्रश्न उभा राहतो. सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणात २००८ मध्ये स्पष्ट केले, की उपचारापूर्वी रुग्णाला त्याचे स्वरूप, पर्याय आणि धोके यांची पुरेशी माहिती देऊन त्याची संमती घ्यावी लागते, आणि एका कृतीसाठी दिलेली संमती दुसऱ्या कृतीला लागू होत नाही. शुद्धीत असलेला, विचारक्षम, पण बोलू न शकणारा जीबीएसचा रुग्ण या तत्त्वानुसार स्वतःच संमती देण्यास पात्र आहे. व्यवहारात मात्र मानेला छिद्र करण्याचा कागद दाराबाहेर उभ्या असलेल्या मेव्हण्यासमोर येतो, तो बहुधा इंग्रजीत असतो, आणि ‘इथे सही करा’ एवढेच त्याचे स्पष्टीकरण असते. कुटुंबाला निर्णयात सामील करून घेणे ही आपल्या समाजाची गरज आहे व त्यात गैर काही नाही. गैर आहे ते रुग्णाला स्वतःच्याच शरीराच्या चर्चेतून वगळणे. आणखी एक बारकावा असा, की बाहेर थांबलेल्या दहा-बारा नातेवाइकांपैकी प्रत्येक जण वेगवेगळ्या डॉक्टरांना विचारतो, कुणी कार्यकर्त्याला फोन लावतो, कुणी परगावच्या ओळखीच्या डॉक्टरांचे मत आणतो, आणि संध्याकाळपर्यंत एका रुग्णाच्या चार प्रकृती तयार होतात; कुटुंबाकडून एक माणूस आणि रुग्णालयाकडून एक डॉक्टर ठरवून रोज ठरल्या वेळी बोलण्याची साधी पद्धत या गोंधळावर पुष्कळ अंशी लागू पडते.

पैशाविषयी बोलणे डॉक्टर टाळतात आणि बिलाच्या खिडकीवर सोपवतात, जिथे वैद्यकीय कारण सांगू शकणारे कुणी नसते. पुण्यातील साथीत महापालिकेच्या कमला नेहरू आणि पिंपरी-चिंचवडच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात मोफत उपचारांची घोषणा झाली, तरी ती रुग्णापर्यंत कोणत्या पायरीवर पोचली हा प्रश्न महत्त्वाचा राहतो. महाराष्ट्रातील शुश्रूषागृह नोंदणीचे नियम २०२१ मध्ये सुधारले गेले आणि त्यांनी रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले; दरपत्रक भिंतीवर असणे आणि खर्चाविषयी बोलले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे येथे नोंदवणे पुरे.

संवाद केवळ खाटेपाशी होत नाही, तो शहर आणि त्याचे आरोग्यप्रशासन यांच्यातही होतो, आणि या बाबतीत पुण्याची स्मृती जुनी आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये वॉल्टर रँडच्या समितीने गोऱ्या सैनिकांकरवी घरे तपासली, माणसे उचलून छावण्यांत नेली, आणि संसर्ग रोखण्याच्या ज्या उपायांत वैद्यकीयदृष्ट्या काही तथ्य होते तेही लोकांना निव्वळ जुलूम वाटले. २२ जून रोजी चापेकर बंधूंनी रँडवर झाडलेल्या गोळ्या हा त्या संवादहीनतेचा राजकीय शेवट होता, जरी त्याची कारणे तेवढ्यापुरती मर्यादित नव्हती. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगग्रस्तांची सेवा करता करता निधन पावल्या. त्यांच्या दत्तक पुत्राच्या, डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णाला आणणारी माणसे त्याच्या ओळखीची होती. २०२५ मध्ये सक्ती नव्हती, पण पोकळी होती, आणि ती मोबाइलवरील संदेशांनी भरून काढली: कुणी कोंबडी बंद केली, कुणी पनीर, कुणी शेजाऱ्याच्या घरी जाणे, वास्तविक जीबीएस एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. ‘पाणी उकळून प्या’ हा सल्ला बरोबर होता, परंतु जारचे पाणी शुद्धच असते अशी खात्री बाळगणाऱ्या घराला तो आपल्यासाठी आहे असे वाटले नाही, कारण सल्ल्यात त्या घराच्या समजुतीला उत्तर दिलेले नव्हते.

या सर्वांवर सामान्यतः सुचवला जाणारा उपाय म्हणजे शिक्षण. भारतीय वैद्यक परिषदेने क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आणला आणि २०१९ च्या प्रवेशापासून एमबीबीएसच्या प्रत्येक वर्षी एटकॉम, म्हणजे वृत्ती, नीतिमूल्ये आणि संवाद, हा घटक अनिवार्य केला. त्याआधी हे सारे विद्यार्थी वरिष्ठांचे पाहून, म्हणजे पुष्कळदा वरिष्ठांचे दोषही उचलून, शिकत असत. सुधारणा स्वागतार्ह आहे, पण तिच्या दोन मर्यादा लगेच दिसतात. पहिली भाषेची: अखिल भारतीय कोट्यातून आलेल्या विद्यार्थ्याला पायाभूत अभ्यासक्रमात काही तास मराठी शिकवली जाते, आणि त्या शिदोरीवर त्याला ‘कळ’, ‘ठणका’, ‘चमक’ आणि ‘जळजळ’ यांतला फरक ओळखायचा असतो. दुसरी वेळेची: ६७ देशांतील आकडेवारी तपासणाऱ्या २०१७ च्या एका अभ्यासात सर्वसाधारण डॉक्टर एका रुग्णाला सरासरी किती वेळ देतात हे मांडले आहे, तो बांगलादेशात ४८ सेकंद, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे, आणि भारतात सुमारे दोन मिनिटे निघाला. दोन मिनिटांत कोणती कौशल्ये मावतात आणि कोणती मावत नाहीत हे प्रामाणिकपणे सांगणे, ही संवादावर लिहिणाऱ्यांची जबाबदारी आहे. अन्यथा व्यवस्थेचे अपयश डॉक्टरांच्या स्वभावावर ढकलले जाते.

हे अपयश दोन दिशांनी बाहेर पडते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ मधील व्ही. पी. शांता निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली आणि एक मार्ग न्यायमंचाकडे गेला. दुसरा मार्ग मारहाणीचा. महाराष्ट्रात रुग्णालयांवरील हल्ल्यांविरुद्ध २०१० चा कायदा असूनही मार्च २०१७ मध्ये धुळ्यातील निवासी डॉक्टरावरील हल्ल्यानंतर राज्यभरातील निवासी डॉक्टरांना काम थांबवावे लागले. हल्ल्याचे समर्थन कोणत्याही कारणाने होत नाही. तरीही अशा घटनांच्या आधीचा तास तपासला, तर रुग्णाची प्रकृती ढासळत असताना घरच्यांना कुणी काय सांगितले होते, हा प्रश्न पोलिसी पंचनाम्यात सहसा नसतो, आणि तो विचारल्याशिवाय प्रतिबंधाचा विचार पुढे सरकत नाही.

विषयाची व्याप्ती ठरवताना डॉक्टरांच्या खोलीबाहेरची माणसेही हिशेबात घ्यावी लागली आहेत. जीबीएसमधून उठणाऱ्या रुग्णाशी सर्वांत जास्त वेळ बोलतो तो फिजिओथेरपिस्ट, कारण मज्जातंतूंची दुरुस्ती महिनोन्महिने चालते आणि आज बोट हलले याचा अर्थ रोज नव्याने लावावा लागतो. रात्री नळी साफ करताना परिचारिका जे बोलते ते कोणत्याही केसपेपरवर येत नाही. वस्तीत घरोघरी फिरणारी आशा कार्यकर्ती जुलाबांविषयी विचारते तेव्हा तिला मिळणारे उत्तर डॉक्टरांना मिळालेल्या उत्तरापेक्षा खरे असण्याचा संभव असतो. आणि घरी सोडताना दिलेले डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत असल्याने, कोणती गोळी जेवणाआधी, कोणती बंद करायची आणि पुन्हा पाय जड वाटले तर कुठे जायचे, हे धायरीतल्या अनेक घरांना शेवटी कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडूनच कळते. त्याला या कामाचे शिक्षण कुणी दिलेले नाही, मोबदला मिळत नाही, आणि संवादकौशल्यावरील लेखनात त्याचा उल्लेखही सहसा येत नाही, म्हणून पुढील पहिले प्रकरण त्याच्या काउंटरपासून सुरू केले आहे.